लांब आयर्नचा फटका

(द्वितीय वर्ष, कला)

गोल्फ हा साहेब लोकांचा खेळ; त्यावर आपल्या अंकात लेख कशाला, असे कोणी विचारील. माझे वडील गोल्फच्या मैदानावर कॅडी आहेत. सुट्टीत मीही खेळाडूंची बॅग खांद्यावर घेतो. मैदान बंद असते त्या दिवशी आम्हालाही खेळण्याची मुभा मिळते. तेथे जे शिकलो तेच येथे मांडतो.

बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. त्यांतील आयर्न क्लबांना क्रमांक असतात. क्रमांक जितका लहान, तितका दांडा लांब आणि पाते उभे. २, ३ व ४ या क्रमांकांना लांब आयर्न म्हणतात. ९ क्रमांकाच्या पात्याचा कल ४० अंशांहून अधिक असतो, तर ३ क्रमांकाचा जेमतेम २० अंशांच्या आसपास. एवढे उभे पाते पाहून खेळाडूला वाटते, चेंडू आपणच उचलला पाहिजे. येथेच चूक होते. उचलण्याच्या नादात शरीराचा भार मागच्या पायावर राहतो; मग पाते चेंडूच्या आधीच जमिनीत रुतते, नाही तर चेंडूच्या डोक्यावर बसते आणि चेंडू गवतातून घरंगळत जातो.

मग करावे काय? उजव्या हाताच्या खेळाडूने चेंडू डाव्या टाचेच्या थोडा आत ठेवावा. क्लब मागे नेताना घाई करू नये. खांदे पुरते वळू द्यावेत. खाली येताना आधी कंबर वळावी, हात मागून यावेत आणि भार डाव्या पायावर जावा. पात्याने आधी चेंडू घ्यावा, मग गवत. जोर ७ क्रमांकाच्या क्लबला लावतो तेवढाच. दांडा लांब असल्याने वेग आपोआप वाढतो. सरावासाठी चेंडू बुटक्या टीवर ठेवून अर्ध्या झोक्याने मारावा. तो साधला की झोका वाढवावा.

१९४९ च्या फेब्रुवारीत बेन होगन हा अमेरिकन खेळाडू मोटार अपघातात जबर जखमी झाला. पुढच्याच वर्षी मेरियन येथील यू. एस. ओपनमध्ये, दुखऱ्या पायांनी एका दिवसात ३६ होल खेळत असताना, शेवटच्या होलवर त्याने १ क्रमांकाच्या आयर्नने चेंडू हिरवळीवर पोचवला. त्यामुळे बरोबरी झाली आणि दुसऱ्या दिवशी तो जिंकला. थकलेल्या अंगात जोर तो कितीसा असणार!

आता बरेच खेळाडू लांब आयर्नऐवजी हायब्रिड क्लब वापरतात. तो सोपा पडतो. माझ्या वाट्याला मात्र कोणीतरी टाकून दिलेला ३ क्रमांकाचा जुना आयर्नच आला. पहिल्या दिवशी मी सारी ताकद लावली आणि मातीचे ढेकूळ चेंडूपेक्षा लांब उडाले. चौथीपर्यंत शिकलेले माझे वडील म्हणाले, “अरे, उचलायचं काम पात्याला दिलंय. तू नुसता वळ.”

गेल्या सुट्टीत दहांपैकी सहा फटके सरळ गेले. वडिलांनी मात्र उरलेले चारच मोजले.