चारही चाकांना शक्ती देणाऱ्या वाहनांचा हॅण्डब्रेक

बिदर आणि कलबुर्गी (२०१४ पूर्वीचे गुलबर्गा) हे कर्नाटकातील जिल्हे नांदेड, लातूर, धाराशिव व सोलापूर या महाराष्ट्रातील जिल्ह्यांना लागून आहेत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक गावांत मराठी बोलली जाते. या भागातील काळ्या जमिनीत पावसाळ्यात चाके रुतून बसतात. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले असून पठाराच्या कडेवरून मांजरा नदीच्या खोऱ्याकडे उतरताना रस्त्यास उतार लागतो. चिंचोळीकडेही टेकड्यांचा प्रदेश आहे. अशा मुलखात पुढील व मागील अशा चारही चाकांना इंजिनची शक्ती पोहोचविणारी वाहने उपयोगी पडावीत, हे स्वाभाविकच होय.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समाजविकास कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर विकासगटाचे अधिकारी, डॉक्टर, शेतकी अधिकारी यांच्याबरोबर जीप हे वाहन खेडोपाडी परिचयाचे झाले. या जीपचा मूळ नमुना दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचा. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत तिची जुळणी सुरू केली. त्या घडणीच्या काही जुन्या जीप आजही शेतावर व वाडीवस्तीवर वापरात आढळतात. त्यांच्या जोडीला आता चारही चाकांना शक्ती देणाऱ्या नव्या मोटारीही आल्या आहेत. या वाहनांच्या चढण्याच्या व चिखलातून निघण्याच्या शक्तीचे कौतुक सर्वांना असते. परंतु उभे केलेले वाहन जागेवर धरून ठेवणारा हॅण्डब्रेक नेमका कोठे पकडतो, याचा विचार फारसा केला जात नाही. या अज्ञानामुळे, विशेषतः चाक बदलतेवेळी, प्राणावर बेतण्याचा प्रसंग येऊ शकतो.

हॅण्डब्रेक म्हणजे काय?

पायाने दाबावयाचा ब्रेक चालते वाहन थांबविण्यासाठी असतो. हॅण्डब्रेक थांबलेले वाहन तेथेच राहावे यासाठी असतो. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. बहुतेक वाहनांत हॅण्डब्रेकचा दांडा ओढला असता एक तार ताणली जाते आणि ब्रेकच्या ड्रममधील शू फाकून ड्रमला आतून घट्ट दाबतात. दांड्याजवळचा खटका दातेरी पट्टीत अडकत असल्यामुळे हात काढला तरी ताण कायम राहतो. तेलाची नळी फुटली तरी हा ब्रेक निकामी होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ प्रमाणे मोटारीस पायाचा ब्रेक आणि उभे करण्याचा ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा आवश्यक आहेत, त्यामागील हेतू हाच आहे.

साध्या मोटारीत ही तार मागील दोन्ही चाकांपर्यंत जाते व प्रत्येक चाक स्वतंत्रपणे पकडले जाते. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपमध्ये मात्र हॅण्डब्रेक चाकांना पकडीतच नाही.

जुन्या जीपमधील रचना

जीपच्या गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची दुसरी पेटी असते. इंजिनकडून आलेली शक्ती पुढच्या व मागच्या आसाकडे वाटून देणे हे तिचे काम. तिच्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागे व दुसरा पुढे जातो. मागचा शाफ्ट जेथून निघतो तेथेच एक लहान ड्रम बसविलेला असून हॅण्डब्रेक त्या ड्रमला पकडतो. म्हणजे चाकाऐवजी चाकाकडे जाणारा शाफ्ट अडविला जातो. इंग्लंडमधील लॅण्ड रोव्हर या प्रसिद्ध वाहनातही दीर्घकाळ हीच पद्धत होती.

या रचनेचे फायदे स्पष्ट आहेत. विलिसच्या सीजे-३बी जीपमध्ये चाकाच्या एका फेऱ्यास शाफ्टचे ५.३८ फेरे होतात. त्यामुळे शाफ्टवर लावलेली पकड चाकापाशी सुमारे पाचपट होऊन पोहोचते व लहानसा ड्रमही जड वाहन धरू शकतो. शिवाय हा ड्रम चाकापेक्षा उंचावर असल्याने चिखलापासून काहीसा दूर राहतो. परंतु या फायद्यांबरोबर एक मोठा दोषही येतो, आणि तो समजण्यासाठी डिफरन्शियल समजून घेतले पाहिजे.

तराजूचे उदाहरण

वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. बैलगाडीची दोन्ही चाके आपापली मोकळी फिरतात म्हणून तेथे अडचण येत नाही. मोटारीत दोन्ही चाकांना एकाच शाफ्टमधून शक्ती द्यावयाची असल्याने आसाच्या मध्यभागी डिफरन्शियल बसविलेले असते. ते दोन्ही चाकांना शक्ती देते आणि त्यांच्या गतीत फरकही पडू देते.

याची तुलना तराजूशी करता येईल. तराजूची दांडी मध्ये धरून ठेवली तरी एक पारडे खाली गेले की दुसरे वर जाते. त्याचप्रमाणे शाफ्ट अडविला म्हणजे डिफरन्शियलचा मध्य अडतो. तथापि एक चाक पुढे फिरले तर दुसरे तितकेच मागे फिरू शकते. दोन्ही चाके जमिनीवर असताना असे घडत नाही, कारण वाहन घरंगळायचे तर दोन्ही चाकांनी एकाच दिशेने फिरले पाहिजे. परंतु मागील एक चाक जॅक लावून उचलले की ते हवेत मोकळे होते. मग जमिनीवरचे चाक उताराकडे फिरते, हवेतील चाक उलटे फिरते आणि हॅण्डब्रेक पूर्ण ओढलेला असताना जीप जॅकवरून निसटते.

अशा वेळी गिअर टाकून ठेवला आहे म्हणून निश्चिंत राहणेही चुकीचे आहे. गिअरची पकडही त्याच शाफ्टमधून व त्याच डिफरन्शियलमधून मागील चाकांकडे जाते. एकाच वाटेवर दोन कुलपे घातली, तरी त्या वाटेला आडवाट फुटलेली असेल तर दोन्ही व्यर्थ ठरतात.

चारही चाके जोडल्यास काय होते?

ट्रान्स्फर केसचा दांडा चार चाकांच्या स्थितीत टाकला की पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशी घट्ट जोडले जातात. आता हॅण्डब्रेकने मागचा शाफ्ट अडविला की पुढचाही अडतो. मागील एक चाक उचललेले असले तरी पुढील दोन्ही चाके जमिनीवर असल्याने वाहन धरले जाते. म्हणून अशा जीपचे चाक बदलण्यापूर्वी चारही चाके जोडून घेणे हितावह असते.

मात्र नुसता दांडा सरकविला म्हणजे आतील दाते जुळलेच असे नाही. जॅक लावण्यापूर्वी वाहन हातभर पुढेमागे घेऊन खात्री करावी. पुढील चाकांना मोकळे करणारे हब बसविलेले असतील तर तेही जोडावेत. ट्रान्स्फर केसला मधली, म्हणजे मोकळी स्थितीही असते. दांडा तेथे राहिला तर गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटतो आणि टाकलेला गिअर वाहनास मुळीच धरीत नाही. दोनच चाकांना शक्ती देणाऱ्या जीपही पुष्कळ झाल्या. त्यांत हा उपाय उपलब्ध नाही, हेही लक्षात ठेवावे.

नव्या मोटारींची रीत

आजच्या चारही चाकांच्या बहुतेक मोटारींत हॅण्डब्रेक मागील दोन चाकांनाच पकडतो. काहींत दांड्याऐवजी बटण असते व लहान विजेच्या मोटरी ब्रेक आवळतात. ‘चारही चाकांना शक्ती’ याचा अर्थ ‘चारही चाकांना हॅण्डब्रेक’ असा होत नाही. मागील एक चाक उचलल्यास दुसरे मागील चाक पकडलेले राहते, हा या पद्धतीचा लाभ. परंतु तेव्हा वाहनाचा सगळा भार धरण्यास एकच चाक उरते.

आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीत उभे करण्यासाठी ‘पी’ ही स्थिती असते. तीत गिअरबॉक्समधील एक खटका बाहेर जाणाऱ्या शाफ्टला अडवितो. काही मोटारींत पुढील व मागील आसांच्या मध्येही एक डिफरन्शियल असते. ते मोकळे असेल तर चारांपैकी कोणतेही एक चाक उचलताच केवळ ‘पी’ च्या भरवशावर उभी असलेली मोटार घरंगळू शकते. तेव्हा ‘पी’ बरोबर हॅण्डब्रेक ओढणे आवश्यकच आहे.

आणखी एक सूचना चालकांसाठी. चालत्या वाहनाचा हॅण्डब्रेक ओढू नये. शाफ्टवरील ब्रेक अकस्मात आवळला तर शाफ्टच्या सांध्यांवर व डिफरन्शियलवर जबर ताण येतो. मागील चाकांवरील ब्रेक आवळला तर ती चाके घसरून वाहन फिरते, शिवाय पुढील व मागील आसांना जोडणाऱ्या भागांवरही ताण पडतो.

आपल्या वाहनाचा प्रकार कसा ओळखावा?

वाहन सपाट जागी, इंजिन बंद करून व चाकांना दगड लावून उभे असताना हॅण्डब्रेकची तार कोठे जाते ते मागून वाकून पाहावे. ती मागील चाकांच्या ड्रमकडे जात असेल तर ब्रेक चाकांवर आहे. मध्यभागी ट्रान्स्फर केसमागील ड्रमकडे जात असेल तर तो शाफ्टवर आहे. वाहनासोबतच्या पुस्तिकेतही ही माहिती असते. शाफ्टवरील ब्रेकमध्ये ट्रान्स्फर केसचे ऑइल सील झिजून तेल ड्रममध्ये उतरण्याचा दोष विशेष आढळतो. तेलाने भिजलेले लायनर कितीही आवळले तरी पकडीत नाही. तार ताणून घेण्यापूर्वी सील तपासणे हाच खरा इलाज होय. नदीनाल्यातून गेल्यावर ड्रम ओला असतो, तेव्हाही पकड तपासूनच वाहन सोडावे. पावसाळ्यात वाहन अनेक दिवस उभे राहणार असेल तर शू ड्रमला चिकटण्याचा संभव असतो. अशा वेळी सपाट जागी गिअर टाकून व चाकांना दगड लावून हॅण्डब्रेक सैल ठेवावा.

चाक बदलताना घ्यावयाची काळजी

१. शक्यतो सपाट व टणक जागा पाहावी. काळ्या मातीत जॅक खचतो, म्हणून त्याखाली जाड फळी ठेवावी.

२. हॅण्डब्रेक पूर्ण ओढावा, पहिला किंवा मागचा गिअर टाकावा आणि सोय असल्यास चारही चाके जोडावीत.

३. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. उताराच्या बाजूस ते अवश्य असावेत.

४. नट प्रथम सैल करावेत, नंतरच चाक उचलावे. उचललेल्या वाहनावर पान्याने जोर केल्यास ते जॅकवरून ढळते.

५. कोणीही वाहनाखाली शिरू नये. उताराच्या बाजूस माणसे, विशेषतः मुले, उभी राहू देऊ नयेत. आतील प्रवाशांनी उतरून बाजूस थांबावे.

यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. बैल सोडल्यावर गाडीच्या चाकास दगड लावण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. तो दगड कोणत्याही शाफ्टवर, डिफरन्शियलवर वा तारेवर अवलंबून नसतो. यंत्र कितीही सुधारले तरी त्या रीतीची आवश्यकता संपलेली नाही.

सर्वांची जबाबदारी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार, चालकाच्या जागेवर परवानाधारक व्यक्ती नसेल तर इंजिन बंद करून व ब्रेक लावून, किंवा वाहन आपोआप सुरू होणार नाही अशी अन्य तजवीज करूनच ते सार्वजनिक ठिकाणी उभे ठेवता येते. शासकीय वाहन ताब्यात घेताना अधिकाऱ्यांनी त्याचा हॅण्डब्रेक कोठे पकडतो हे चालकास विचारावे व तो उतारावर वाहन धरतो की नाही याची परीक्षा करून घ्यावी. शिक्षकांनी तराजूचा साधा प्रयोग वर्गात दाखविल्यास मुलांना डिफरन्शियलचे तत्त्व सहज कळेल आणि उभ्या वाहनाच्या पुढेमागे का खेळू नये याचे कारणही पटेल. रस्त्यात अडलेल्या वाहनास मदत करण्यास गावकरी नेहमीच तत्परतेने धावून जातात. त्यांनी जॅकला हात लावण्यापूर्वी चाकाखाली दगड लागला आहे की नाही एवढे पाहिले, तरी एखादा जीव वाचेल.