रस आंबायच्या आत

फळ पिळलं की रसाची वाट ठरलेली असते. सालीवर, हातांवर, भांड्यांवर असलेलं यीस्ट त्यातल्या साखरेवर तुटून पडतं आणि तिचं अल्कोहोल करतं. तेही हवेवर उघडं राहिलं, की जिवाणू त्याचा शिरका करून टाकतात. इंग्लंडच्या हेरफर्डशरमध्ये, फ्रान्सच्या नॉर्मंडीत आणि स्पेनच्या आस्तुरियासमध्ये शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या या वाटेवरच्या मधल्या मुक्कामी उतरत आले. हंगामात शेजारीपाजारी जमून सफरचंदं ठेचायची, रस पिंपात भरायचा आणि हिवाळाभर आंबू द्यायचा. ती सायडर.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास सफरचंद पिकत नाही, मोसंबी पिकते. इथली घरं त्या मुक्कामाच्याही आधी उतरतात. रस आंबायच्या आतच त्याला साखर, आम्ल आणि चिमूटभर औषध देऊन बाटलीत बंद करतात. त्या बाटलीला सगळे मोसंबी स्क्वॉश म्हणतात. आधी उतरण्याला कायद्याचंही कारण आहे. बिअरच्या कारखान्यांसाठी हे शहर देशभर ओळखलं जातं. पण ते कारखाने परवान्यावर चालतात. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, मग ते घरच्या घरी पिण्यापुरतं का असेना.

मोसंबीचा हा पट्टा शहराच्या पूर्वेला आणि दक्षिणेला पसरला आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडचा मोसंबी बाजार, पुढे अंबड, घनसावंगी, बदनापूर. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे आणि बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्र आहे. शहरातच दिल्ली गेटजवळ हिमायतबागेत याच विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. डिसेंबरच्या सुमारास बागेचं पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानगळ झाली की पाणी सोडायचं, मग जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात. हा आंबे बहार. त्याचं फळ दिवाळीच्या मागेपुढे तोडणीला येतं. पावसाळ्याच्या तोंडी फुलणाऱ्या मृग बहाराचं फळ उन्हाळ्याच्या सुरुवातीला मिळतं. पाणी हाच या पिकाचा प्राण. 2012 च्या दुष्काळात टँकरचं विकतचं पाणी घालून झाडं जगवणारे शेतकरी या पट्ट्यात गावोगाव होते आणि जगवता न आल्याने बागेवर कुऱ्हाड चालवणारेही.

एवढी मोसंबी पिकते, तरी तिचा डबाबंद रस दुकानात सहसा दिसत नाही. संत्र्याचा, आंब्याचा, पेरूचा दिसतो. याचं मुख्य कारण आहे कडवटपणा. ताजा पिळलेला रस गोड लागतो. तोच रस काही तास ठेवला किंवा तापवला, की जिभेच्या मागच्या बाजूला कडू चव रेंगाळते. फोडींवरचं आवरण, सालीखालचा पांढरा गर आणि बिया यांत एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो. पण रसातल्या आम्लाशी गाठ पडली की हळूहळू त्याचं लिमोनिन बनतं, आणि लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जिभेला कळतं. उष्णतेने हे काम झपाट्याने होतं. म्हणून आंब्याच्या रसासारखी मोसंबी उकळून बाटलीत भरता येत नाही.

घरच्या पद्धतीचं सगळं शहाणपण या एका अडचणीभोवती फिरतं. ही पद्धत पाहायची तर सिडकोतल्या एखाद्या भिशीच्या मंडळात जावं. पाच-सहा जणी वर्गणी काढून बाजारातून एक कॅरेट आणतात, साधारण 20 किलोचं. फळ पूर्ण पिकलेलं हवं, कारण पक्व होत जाताना लिमोनिनचा त्रास कमी होतो. आकाराने लहान चालतं, तेच स्वस्त मिळतं. गळून खाली पडलेलं मात्र बाजूला काढतात, कारण त्याला बुरशी लागलेली असण्याची शक्यता फार. मग धुणं, पुसणं आणि आडवे दोन भाग करणं. खरी मेख पिळण्यात आहे. चरकासारख्या पिळणीच्या यंत्रात सोललेली फोड सालीखालच्या गरासकट चिरडली जाते आणि कडवटपणाही रसात उतरतो. म्हणून लिंबू पिळायच्या साध्या उंचवट्याच्या भांड्यावर अर्धं फळ ठेवून हलक्या हाताने फिरवायचं. नवीन आलेली कुणी जोर लावू लागली, की मोठ्या काकू लगेच म्हणतात, "अगं, साल पिळू नकोस, रस पीळ. राहिला थोडा तर राहू दे." बिया तिथल्या तिथे गाळणीत अडवायच्या, रसात भिजत ठेवायच्या नाहीत. किलोमागे 400 मिलीच्या आसपास रस निघतो. कॅरेटचा धरला तर आठ लिटर.

पुढचं प्रमाण ठरलेलं आहे. एक लिटर रसाला दीड किलो साखर, एक लिटर पाणी आणि 40 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. साखर, पाणी आणि ॲसिड एकत्र करून एक उकळी काढायची, पाक गाळून पूर्ण थंड करायचा आणि मगच त्यात रस मिसळायचा. गरम पाकात रस ओतला, की कडवटपणाला आमंत्रण. यातून सुमारे तीन लिटर स्क्वॉश होतो. त्यात साखरेचं प्रमाण 45 टक्क्यांच्या आसपास आणि रसाचं तिसऱ्या हिश्शाइतकं बसतं. 1955 च्या फळ उत्पादन आदेशाने स्क्वॉशसाठी किमान 25 टक्के रस आणि 40 टक्के विद्राव्य घन पदार्थ अशी अट घातली होती. घरची बाटली ती सहज ओलांडते.

एवढी साखर घातल्यावर औषध कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. जॅममध्ये साखर 65 टक्क्यांच्या पुढे असते. तिथे यीस्टला पाणीच मिळत नाही आणि जॅम आपोआप टिकतो. 45 टक्क्यांवर यीस्ट मजेत वाढतं. म्हणून शेवटी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. सगळे त्याला केएमएस म्हणतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो यीस्ट, बुरशी दोन्हींना रोखतो. तीन लिटर स्क्वॉशला दोन ग्रॅम पुरतं. हे अंदाजाने घालायचं काम नव्हे. सोनं तोलायला वापरतात तसा छोटा डिजिटल काटा भिशीत एकीकडे असला तरी पुरे. केएमएस चमचाभर पाण्यात विरघळवून सर्वांत शेवटी मिसळायचं, खिडकी उघडी ठेवायची, भांड्यावर वाकून वास घ्यायचा नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी असा स्क्वॉश टाळलेलाच बरा. जांभळासारख्या रंगीत रसाला मात्र हे औषध चालत नाही, त्याचा रंग उडतो. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात.

सायट्रिक ॲसिड चवीसाठी घालतात असं वाटतं, पण ते दुहेरी काम करतं. मोसंबीत मुळात आंबटपणा फार कमी, आणि सल्फर डायऑक्साइडला जोर येतो तो आम्लात. ॲसिड कमी पडलं तर तेच औषध निम्म्या ताकदीने लढतं. म्हणून 'आमच्याकडे आंबट कुणाला आवडत नाही' या सबबीवर ॲसिड कमी करायचं नाही. पिताना एकास तीन पाणी घालायचंच असतं. तेव्हा गोडी आणि आंबटपणा दोन्ही बेताचे होतात.

बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून भरायच्या आणि घट्ट बूच लावायचं. मग नाव आणि तारखेची चिठ्ठी. मराठवाड्यातल्या घरात खरी परीक्षा साठवणुकीची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालचा माळा भट्टी होतो. उष्णतेत औषध लवकर उडून जातं, रंग तपकिरी पडतो, ताजेपणाची चव जाते. म्हणून बाटल्या माळ्यावर नाही, तर तळमजल्यावरच्या अंधाऱ्या कपाटात, सर्वांत खालच्या कप्प्यात. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आणि शक्य तितक्या लवकर संपवायची. बूच वर आलेलं दिसलं, आत बुडबुडे असले किंवा आंबूस वास आला, तर यीस्टने डाव जिंकला असं समजून बाटली ओतून द्यायची. चाखून खात्री करायची नाही. सायडर करणारेही यीस्टने सोडलेल्या या बुडबुड्यांच्या वायूला भितात. साखर शिल्लक असताना बूच लावलं, तर आतल्या दाबाने त्यांच्याही बाटल्या फुटतात.

एका कॅरेटपासून चोवीस लिटर स्क्वॉश होतो. सहा घरांत वाटला तर प्रत्येकीला चार लिटर, आणि पाणी घालून ऐंशी पेले. यात बारा किलो साखर गेलेली असते, हेही लक्षात ठेवावं. हे पाहुण्यांना द्यायचं सरबत आहे, रोजचं पाणी नव्हे. मधुमेह्यांनी ताजी मोसंबी सोलून खावी, तेच उत्तम.

घरच्या स्क्वॉशने मोसंबी उत्पादकाचं नशीब पालटणार नाही. त्यासाठी कडवटपणा काढणारं तंत्र, शीतगृहं आणि हमखास खरेदी करणारे कारखानेच लागतील. पण बारीक फळ हाही त्याच्या कष्टाचाच माल आहे. भाव पडतो तेव्हा व्यापारी सर्वांत आधी त्यालाच नाकारतो, आणि स्क्वॉशला ते मोठ्या फळाइतकंच उपयोगी. तेव्हा पुढच्या हंगामात मोसंबी स्वस्त झाली, की चार मैत्रिणींना हाक मारा, एक कॅरेट पिकलेलं बारीक फळ शक्यतो थेट शेतकऱ्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. पहिल्या वेळी मात्र थोडाच रस पिळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी चाखा. गोड लागला तरच पुढची साखर विकत आणा.