मुंबई–नागपूर : विमानाचे अंतर आणि माणसाचा वेळ
(द्वितीय वर्ष कला)

मुंबई ते नागपूर अंतर किती, असे कोणी विचारले तर 'कशाने?' असे आधी विचारावे लागते. लोहमार्गाने ते 837 किलोमीटर भरते. 2025 साली पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरांचा आहे. विमानाला मात्र ना इगतपुरीचा घाट, ना भुसावळचे वळण.

हे सरळ अंतर नकाशावहीवरून आपल्यालाही काढता येते. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत दोन अंशांचा फरक आहे आणि रेखांशांत सव्वासहाला किंचित कमी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. रेखांशाचा अंश आपल्याकडे सुमारे 104. काटकोन त्रिकोणाच्या बाजू झाल्या साधारण 222 आणि 645, आणि कर्ण आला सुमारे 680. दहावीनंतर पायथागोरस कामी आला तो हा पहिल्यांदाच!

जेट विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरांच्या आसपास वेगाने जाते. त्या हिशेबाने 50 मिनिटे पुरावीत; पण वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास दिलेला असतो. याचे कारण असे की, विमान उभ्या जागेवरून हलले की ही वेळ मोजायला सुरुवात होते आणि ते दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंत ती चालते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि विमानांची रांग लागते. चढताना-उतरताना वेग कमी असतो. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. नागपूरला येताना ते पाठीशी, परतताना तोंडावर.

आमच्या घरी हा हिशेब कोणालाच ठाऊक नव्हता. आमचे गाव दारव्हा तालुक्यात. मागल्या वर्षी आजी पहाटे वारली. काकाजी कल्याणला असतात. त्यांनी उसने पैसे घेऊन तिकीट काढले. आमच्या घराण्यातले विमानात बसणारे ते पहिले. "दीड तासाचं तर विमान आहे, दुपारी पोचतील," म्हणून सगळे गाव थांबले. काकाजी आठला घरून निघाले, दहाला विमानतळावर पोचले, बाराला विमान सुटले, दीडला नागपूर आले. तेथून यवतमाळ सुमारे 150 किलोमीटर, पुढे दारव्हा आणखी चाळीसएक, सगळे एस.टी.ने. घरी आले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. बारा तासांतले दीड तास विमानाचे! बाया सकाळपासून उपाशी बसलेल्या, आणि सरणावर कंदील धरावा लागला.

तिकिटाचे पैसे वाया गेले असे गावात काही जण म्हणाले. मला तसे वाटत नाही. रात्रीच्या रेल्वेने धामणगावला उतरून ते आले असते तर दुसरा दिवस उजाडला असता, आणि आजीचे तोंड त्यांना दिसले नसते.