तोफा नाईलकाठी, हादरा श्रीरंगपट्टणला!

म्हैसूरला जाणारा मराठी पर्यटक राजवाडा, चामुंडी टेकडी, वृंदावन उद्यान पाहतो आणि जाता जाता श्रीरंगपट्टणला अर्धा तास थांबतो. कावेरीच्या बेटावरचा हा किल्ला ४ मे १७९९ रोजी पडला आणि टिपू सुलतान लढता लढता मारला गेला, हे शाळेत शिकलेलं असतं. पण या घटनेचा एक धागा थेट इजिप्तपर्यंत पोचतो, हे किती जणांना ठाऊक असतं?

झालं असं. इंग्रजांशी लढायला टिपूला फ्रेंचांची मदत हवी होती. जानेवारी १७९८ मध्ये त्याचे वकील मॉरिशसला पोचले. बोलणी गुपचूप व्हायची, तर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरनं चक्क जाहीरनामाच काढला! एप्रिलमध्ये मंगळूरला उतरले ते जेमतेम शंभर स्वयंसेवक. बोभाटा मात्र कलकत्त्यापर्यंत झाला. जुलैत नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि गव्हर्नर जनरल वेलस्लीला आयतं निमित्त मिळालं. १ ऑगस्टला नेल्सननं नाईलच्या मुखाशी फ्रेंच आरमार उद्ध्वस्त केलं, तरी वेलस्लीची तयारी थांबली नाही. जानेवारी १७९९ मध्ये नेपोलियननं टिपूला लिहिलेलं पत्रही इंग्रजांनी वाटेतच पकडलं. टिपूची सारी भिस्त समुद्रापलीकडच्या मदतीवर आणि समुद्र शत्रूच्या ताब्यात!

आणि मराठे? १७९२ मध्ये हरिपंत फडक्यांची फौज इंग्रजांच्या बाजूनं याच किल्ल्यापुढे उभी होती. १७९९ मध्ये पुणं अलिप्त राहिलं. पण श्रीरंगपट्टणचा ताबा सांभाळणारा आर्थर वेलस्लीच १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांसमोर उभा ठाकला. शेजारच्या घराची आग आपल्या ओसरीला लागायला चार वर्षं पुरली.

काळ बदलला, हिशेब तोच राहिला. १९९० मध्ये इराकनं कुवेत गिळलं, तेल भडकलं, परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि १९९१ मध्ये देशाला सोनं तारण ठेवावं लागलं. २०२२ मध्ये युक्रेन पेटलं, तेव्हा घरोघरी सूर्यफूल तेलाचा डबा महागला आणि लष्कराला रशियन बनावटीच्या शस्त्रांच्या सुट्या भागांची काळजी लागली.

म्हणूनच आज मंगळूर, पाडूर आणि विशाखापट्टणम इथं खडकात कोरलेल्या भुयारी कोठारांत ५३ लाख टनांहून अधिक कच्चं तेल साठवण्याची सोय आहे. शस्त्रं देशात बनवायची, एकाच मित्रावर विसंबायचं नाही आणि सागरी वाटा मोकळ्या ठेवायच्या, हाही त्याच शहाणपणाचा भाग. ज्या मंगळूरला टिपूची तुटपुंजी कुमक उतरली, तिथंच आज अडीअडचणीची बेगमी केलेली आहे. लढाई कितीही लांबची असो, तिची झळ पोचण्याआधी घर सावरलेलं बरं!