दोन रायफली आणि एक फाइल

१९९०च्या मे महिन्यात अमेरिकेत वॉशिंग्टन शहरी दोन म्हातारे प्रथमच एकमेकांना भेटले. एक सत्तरीचा रशियन, दुसरा सदुसष्ट वर्षांचा अमेरिकन. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, मध्ये दुभाष्या. पण दोघांनी एकमेकांचे काम मात्र कित्येक वर्षे बारकाईने पाहिले होते. रशियनाचे नाव मिखाईल कलाश्निकोव्ह. त्याने एके-४७ ही रायफल घडवली. अमेरिकनाचे नाव यूजीन स्टोनर, एम-१६ त्याची. दोघांकडेही इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. दोघांनीही दुसरे महायुद्ध गणवेशात पाहिले होते. आणि दोघांच्या रायफली घेऊन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाखो तरुण पोरे एकमेकांसमोर उभी ठाकली होती.

माझे आयुष्य बँकेत गेले. बंदुकीशी संबंध म्हणाल तर शाखेच्या दाराशी बसणाऱ्या पहारेकऱ्याच्या दुनळीपुरता. मग रविवारी सकाळी, चहाच्या कपासोबत, हा विषय कशासाठी? कारण या दोन यंत्रांची तुलना करू लागलो की थोड्याच वेळात यंत्रे बाजूला राहतात आणि माणसे दिसू लागतात. तीही आपल्या चांगल्याच ओळखीची.

आधी ‘असॉल्ट रायफल’ म्हणजे काय ते पाहू. आपल्या जवानांनी १९६२ साली चीनशी लढताना जी .३०३ वापरली, तिच्यात प्रत्येक गोळीनंतर हाताने खटका मागे ओढावा लागे. गोळी मात्र दणकट, दूरवर जाणारी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या लक्षात आले, की प्रत्यक्ष चकमक बहुधा तीनशे मीटरच्या आतच होते. मग एवढी ताकद वाहून न्यायची कशाला? त्यांनी काडतूस आखूड केले. धक्का कमी झाला आणि एकच सैनिक एकेक गोळीही झाडू शकेल, सलग फैरीही, अशी रायफल १९४४च्या सुमारास त्यांनी मैदानात आणली. पुढची सगळी वंशावळ तिथून सुरू होते.

कलाश्निकोव्ह हा रणगाडा दलातला सार्जंट. १९४१ साली ब्रियान्स्कच्या लढाईत जखमी होऊन इस्पितळात पडला असताना बंदुकीच्या रचनेचा ध्यास त्याने घेतला. १९४९ साली सोव्हिएत सैन्याने त्याची रायफल स्वीकारली. तिचे मर्म तिच्या ढिलाईत आहे. आतले हलणारे भाग वजनदार, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा भरपूर. वाळू गेली, चिखल गेला, महिनाभर कोणी पुसले नाही, तरी भाग आपल्या जोराने मागेपुढे होतात आणि गोळी सुटते. निरक्षर शेतकऱ्यालाही ती थोड्या वेळात खोलता-जोडता येते. याची किंमत अचूकतेत मोजावी लागते. गोळी सुमारे आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला सातशे मीटरच्या थोडा वर. म्हणून तीनशे मीटरपलीकडे ती बरीच खाली झुकते. सलग फैरीत नळी वर उचलली जाते. शिवाय रायफल जड, काडतुसेही त्या मानाने जड.

स्टोनरची वाट उलटी. त्याने विमानाच्या धंद्यातले अॅल्युमिनियम वापरले, लाकडाऐवजी प्लास्टिक आणले. रायफल तीन किलोच्या आत बसवली. गोळी साडेतीन ग्रॅमची, पण वेग सेकंदाला जवळजवळ हजार मीटर. मार्ग सरळ, धक्का सौम्य, नेम उत्तम. जुन्या अमेरिकी रायफलीचे एक काडतूस सुमारे चोवीस ग्रॅमचे, हिचे बाराच्या आत. म्हणजे त्याच ओझ्यात सैनिक दुप्पट गोळ्या नेणार. खोट एकच. गोळीमागचा गॅस सरळ यंत्राच्या पोटात सोडलेला, त्यामुळे काजळी आतच धरते. भाग नेमके, जागा थोडी. तिला निगा हवी.

आता कोणती चांगली? कागदावर पाहाल तर अमेरिकन. पण १९६५नंतर व्हिएतनामच्या दमट रानात अमेरिकी पोरांच्या हातात ती अडकू लागली. झाडलेल्या काडतुसाची पुंगळी नळीत घट्ट बसे, बाहेर येईना. मग साफसफाईची सळई नळीच्या तोंडातून खुपसून ती पाडायची. समोरून गोळ्या येत असताना! १९६७च्या वसंतात खे सान्हजवळच्या टेकड्यांवर घनघोर लढाई झाली. तिथून परतलेल्या एका सैनिकाचे पत्र अमेरिकेत प्रसिद्ध झाले. मेलेल्या सोबत्यांच्या शेजारी त्यांच्या उघडलेल्या रायफली पडल्या होत्या, असे त्यात लिहिले होते. दुरुस्त करता करताच ती पोरे गेली होती.

बोभाटा झाला. अमेरिकी काँग्रेसने रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचा अहवाल आला. निघाले ते असे, की स्टोनरने रायफल ज्या दारूवर बेतली होती ती दारू सैन्याच्या कचेऱ्यांनी मध्येच बदलली होती. नव्या दारूची काजळी जास्त. शिवाय तिच्यामुळे फैरीचा वेग मिनिटाला साडेसातशे-आठशेवरून हजाराकडे गेला. दमट हवेत नळीला आतून क्रोमचा मुलामा लागतो, हे महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैन्य शिकलेच होते; एम-१६ला तो दिलाच नव्हता. आणि कळस म्हणजे ‘हिला साफसफाई लागत नाही’ असा समज पसरलेला. त्यामुळे कित्येक तुकड्यांना सफाईचे साहित्यच पोचले नव्हते. काडतुसातले दोष दूर न करणाऱ्या अधिकाऱ्यांचे वर्तन जवळजवळ गुन्हेगारी हलगर्जीपणाचे आहे, असे समितीने स्पष्ट म्हटले.

उभी हयात फायलींत गेलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. दारू बदलण्याच्या शेऱ्यालाही कारण होते: पुरवठा सोपा व्हावा. मुलामा वगळण्यालाही काहीतरी कारण लिहिलेले असणारच. प्रत्येक सही आपापल्या जागी रीतसर. फक्त सगळ्या सह्यांची बेरीज कोणी केली नाही; ती टेकडीवर, एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात झाली.

पुढे चूक सुधारली. दारू सुधारली, क्रोमचा मुलामा आला, सफाईचे साहित्य पोचले. विल आयस्नर या नामवंत चित्रकाराकडून सैन्याने निगेची चित्रमय पुस्तिकाच काढून घेतली. तीच रायफल मग विश्वासाची ठरली आणि तिचे वंशज अनेक दशके जगभर वापरात राहिले. आमच्या शाखेत १९६२च्या लढाईतून आलेले एक निवृत्त हवालदार पहाऱ्यावर होते. दर शनिवारी दुपारी वर्तमानपत्र अंथरून ते बंदूक खोलून पुसत. ती कधी झाडावी लागली नव्हती. मी एकदा तसे म्हणालो, तर म्हणाले, “साहेब, ज्या दिवशी लागेल त्या दिवशी पुसायला वेळ नसतो.”

आपल्याकडेही या दोन घराण्यांचा संकर झाला. पुण्याच्या पाषाण भागातल्या संरक्षण संशोधन संस्थेने ‘इन्सास’ घडवली: आतली यंत्रणा कलाश्निकोव्हच्या वळणाची, काडतूस ५.५६ मिलिमीटरचे, म्हणजे एम-१६च्या मापाचे. १९९९ साली कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि ती अडकल्याच्या तक्रारी आल्या. २०२१ साली सरकारने सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफलींचा करार केला. त्या अमेठीजवळ कोरव्याला बनवायच्या. म्हणजे फिरून आपण कलाश्निकोव्हच्याच दारी. गंमत अशी, की खुद्द रशियनांनी १९७४ साली अमेरिकनांचे पाहून हलकी, वेगवान गोळी स्वीकारली. तर अमेरिकी लष्कराने २०२२ साली पुन्हा जड, ताकदवान काडतुसाची रायफल निवडली. निर्दोष हत्यार अजून कोणालाच सापडलेले नाही. कोणता दोष पत्करायचा, एवढेच ठरवता येते.

आणि कलाश्निकोव्हच्या रायफलीचा सर्वांत मोठा दोष तिच्या गुणातच दडलेला आहे. स्वस्त, सोपी, न बिघडणारी. म्हणूनच ती टोळ्यांच्या, दहशतवाद्यांच्या आणि आफ्रिकेत तर दहा-बारा वर्षांच्या मुलांच्याही हाती गेली. मुंबईकरांनी २००८च्या नोव्हेंबरात ते याच घराण्यातल्या रायफलींच्या रूपात पाहिले. स्टोनर १९९७ साली गेला. कलाश्निकोव्ह २०१३च्या डिसेंबरात, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन. तो गेल्यावर त्याने रशियाच्या धर्मगुरूंना लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. माझ्या रायफलीने माणसे मारली, तर त्या मृत्यूंचा दोष माझ्याकडे येतो का, असे त्याने विचारले होते. चर्चकडून उत्तर आले, की हत्यार देशाच्या रक्षणासाठी असेल तर चर्च ते घडवणाऱ्याच्या पाठीशी आहे.

म्हाताऱ्याचे त्याने समाधान झाले की नाही कोण जाणे. पण त्याने निदान प्रश्न तरी विचारला. दारू बदलण्याच्या कागदावर ज्यांच्या सह्या होत्या, त्यांच्यापैकी कोणी असे पत्र लिहिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.