क्रूसाखालचा विश्वास

मराठी ख्रिस्ती कुटुंबात कुणी गेलं की अंत्यविधीला पाळक बहुधा पौलाच्या रोमकरांस पत्रातला आठवा अध्याय काढतात. ख्रिस्ताच्या ठायी दिसलेल्या देवाच्या प्रेमापासून आपल्याला कोणीही तोडू शकत नाही, असं पौल तिथे ठासून सांगतो. पण त्याच परिच्छेदात त्याने छळ, उपासमार, नग्नता, तलवार यांचीही नावं घेतली आहेत. फटके खाल्लेला, तुरुंग भोगलेला, जहाज फुटून समुद्रात सापडलेला हा माणूस विश्वास ठेवला की संकटं टळतील, असं कुठेही म्हणत नाही. ती येतील, आणि आली तरी देव हात सोडणार नाही, एवढंच त्याचं सांगणं. ख्रिस्ती परंपरेने दुःखितांना दिलेल्या धीराचा मागोवा घेताना मला हीच कसोटी खरी वाटते. संरक्षणाची हमी द्यायला किंवा दुःखाचं कारण सांगायला ही परंपरा जेव्हा जेव्हा गेली, तेव्हा ती उणी पडली. सोबतीची ग्वाही दिली, तेव्हा ती टिकली.

बायबलमध्येच याचा धडा आहे. मुलंबाळं, गुरंढोरं, आरोग्य, सगळं गमावलेल्या ईयोबाजवळ त्याचे मित्र सात दिवस जमिनीवर मुकाट बसून राहतात. त्यांच्या हातून घडलेलं तेवढंच चांगलं काम. मग ते बोलू लागतात, तुझंच काही चुकलं असणार म्हणून समजावू लागतात. ईयोब देवाशी भांडतो, जाब मागतो, आणि शेवटी देवाचा कोप होतो तो समजावणाऱ्या मित्रांवर. आपल्यावर हे का आलं, ते ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. स्तोत्रसंहितेतही विलापाला मोठी जागा आहे. 88वं स्तोत्र तर काळोखातच संपतं, शेवटी आशेचा शब्द नाही. तरी ते पवित्र शास्त्रात राहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

दुःख आलं की आपल्याकडे पूर्वसंचित आठवतं. येशूच्या शिष्यांचीही समजूत फार वेगळी नव्हती. जन्मांध माणसाला पाहून त्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? योहानाच्या शुभवर्तमानात येशू दोन्ही गोष्टी नाकारतो आणि त्या माणसाकडे वळतो. लाजराच्या कबरेपाशी तो रडतो. उत्तम शुक्रवारी आपल्या अनेक मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि क्रूसावरच्या सात उद्गारांवर एकेकजण बोलतो. चौथा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो त्याची परीक्षाच असते, कारण तिथे येशू 22व्या स्तोत्राच्या शब्दांत देवालाच विचारतो, मला का टाकलंस? पुष्कळ वक्ते घाईने पुनरुत्थानाकडे जातात. तिथे थोडं थांबावं. देवाचा पुत्र जो प्रश्न विचारतो, तो विचारायला लेकरू गमावलेल्या आईने का लाजावं?

देवाला स्वतःला वेदना होतात का, हा वाद जुना आहे. देव अविकारी, दुःख झालं ते ख्रिस्ताच्या मानवी स्वभावाला, अशी प्राचीन मंडळीची शिकवण होती. विसाव्या शतकातल्या महायुद्धांनी हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. जपानमध्ये धर्मशास्त्रज्ञ काझो कितामोरी यांनी 1946 साली देवाच्या वेदनेवरच ग्रंथ लिहिला. जर्मनीत पुढे धर्मशास्त्रज्ञ झालेला युर्गन मोल्टमान 1943 साली हँबर्गवरच्या बॉम्बवर्षावात वाचला, पण शेजारी उभा असलेला मित्र त्याच्या डोळ्यांदेखत गेला. पुढे युद्धकैद्यांच्या छावणीत बायबल वाचताना त्याला आक्रोश करणारा येशू भेटला, आणि 1972 साली ‘क्रूसावर खिळलेला देव’ हा विषय घेऊन त्याने धर्मशास्त्रच ढवळून काढलं. इंग्लंडमध्ये सी. एस. लुईसने 1940 साली दुःखाच्या समस्येवर नेटकं, युक्तिवादांनी भरलेलं पुस्तक लिहिलं होतं. 1960 साली पत्नी कर्करोगाने गेली आणि पुढच्या वर्षी त्याने टोपणनावाने शोकाची टिपणं छापली. त्यांत विश्वासाची पडझड आहे, देवाला सुनावलेले बोल आहेत. दुःखिताच्या हाती मी या दोहोंतलं दुसरं पुस्तक देईन.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. 1870च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील डोंगरेशास्त्री यांचं कुटुंब तीर्थं धुंडाळत, उपाशीपोटी भटकत होतं. वडील गेले. पाठोपाठ आई अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या बाईंकडे गेल्या, पण मागण्याची लाज एवढी की तोंडातून शब्द फुटेना. कसंबसं मागितलं. भाकरी मिळाली, पण ती खाण्याचं त्राण आईच्या अंगात उरलं नव्हतं. ही हकिगत रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मग बहीण गेली, 1880 साली भाऊ श्रीनिवास गेला, 1882 साली पती बिपिनबिहारी पटकीने गेले. चोविशीच्या आत हे सगळं.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त काही वर्षांनी गवसला, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत सांगितलं. ही कबुली मला फार आधाराची वाटते. धर्म स्वीकारला त्या दिवशी खात्री हाती आली नाही, ती हळूहळू आली. 1896च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली घेऊन परतल्या. पुढे गुजरातेतल्या मुली आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या रमाबाईंच्या मुक्ती सदनात त्यांना जेवण मिळालं, अक्षरं मिळाली, हातात उद्योग मिळाला. भाकरी मागताना जिची जीभ टाळ्याला चिकटली होती तिने हे केलं, हे विसरून देवाच्या प्रेमाबद्दल बोलू नये.

अखेरची वर्षंही सुखाची नव्हती. कानांनी साथ सोडत आणली होती. हिब्रू-ग्रीक शिकून त्या बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या आणि मुक्तीच्याच छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या. 1921च्या जुलैत एकुलती मुलगी मनोरमा गेली. रमाबाई कामावरून उठल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट निराळी. 1895 साली त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार मोडला आणि सुमारे पाच वर्षांची ताटातूट वाट्याला आली. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत त्या हे सारं सांगतात, पण दुःखातून देवाने काय शिकवलं याचं प्रवचन देत नाहीत. टिळक 1919 साली गेल्यावर त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं.

आज मला खुपतं ते वेगळंच. तान्हं मूल गेलेल्या घरात जाऊन ‘देवाची इच्छा’ म्हणून मोकळं होणारे आहेत. आजारी माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणणारे प्रचारकही वाढले आहेत. हे ईयोबाच्या मित्रांचं बोलणं आहे, आणि ते क्रूर आहे. आपल्या रविवारच्या उपासनेत स्तुतिगीतं भरपूर असतात, विलापाची स्तोत्रं क्वचित वाचली जातात. ती पुन्हा वाचली पाहिजेत, मोठ्याने, सगळ्या मंडळीने मिळून, आणि ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्यांना शेजारी बसवून.