विचारल्याशिवाय जमीन नाही

रायगडातली रसायनी वसली ती कारखान्यांसाठी. १९६० मध्ये ‘हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पाताळगंगेच्या खोऱ्यातली जमीन उद्योगाकडे गेली. भूसंपादनाचा कायदा तेव्हा १८९४ चा. त्यात शेतकऱ्याची संमती लागतच नव्हती. घरातल्या बाईला कोण विचारणार? सातबारा पुरुषाच्या नावावर. पुढे २०१७ मध्ये केंद्राने कंपनीचे इथले बहुतेक विभाग बंद करायचं ठरवलं.

या दोन तारखांच्या मधे रायगडात जे घडलं, त्याचं मोल मला कुठल्याही निवडणुकीपेक्षा जास्त वाटतं.

उल्का महाजन यांचं ‘सर्वहारा जन आंदोलन’ आणि सुरेखा दळवी यांची ‘श्रमिक क्रांती संघटना’ कातकरी-ठाकरांच्या वाड्यांवर दळी जमिनींचा प्रश्न लढत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या या जमिनीत नाचणी-वरी पिकवायची, पण कागदावर मालकी वनखात्याची. शिकलेल्या या बायांनी वाडीवरच्या बायांना कागद वाचायला, साहेबासमोर उभं राहून बोलायला बळ दिलं. सत्तेत न जाता राजकारण बदलतं ते असं.

मग खासगी कंपनीचं महामुंबई सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, आलं. पेण, उरण आणि पनवेलमधली ४५ गावं त्यात जाणार होती. लढ्याच्या अग्रभागी होते प्रा. एन. डी. पाटील. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, माजी मंत्री, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्याबरोबर उल्काताई होत्या, आणि मोर्चात बायांची रांग. हेटवणे धरणाचं पाणी जिथे यायचं, ती भातशेती कंपनीला का द्यायची, हा साधा प्रश्न त्यांनी सोडला नाही. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणच्या २२ गावांत सरकारला जनमत घ्यावं लागलं. कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेला. २००९ मध्ये संपादनाची मुदत संपली. पश्चिम बंगालमधले सिंगूर-नंदीग्रामचे जमिनीचे लढेही त्याच काळातले. या सगळ्या रेट्यातून २०१३ चा भूसंपादन कायदा आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधितांची संमती हवी, हे त्यात लिहिलं गेलं.

एक दुखरी गोष्ट मात्र राहिली. जमिनीचा कौल खातेदाराचा, आणि मोर्चात पुढे असलेल्या कितीतरी बायांचं नाव सातबाऱ्यावर नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. शेतजमिनीवर बायकोचं नाव लावा, अशी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून दिली होती, सरकारनेही ती योजना म्हणून स्वीकारली. तरी ती गावोगाव पोहोचली नाही.

कर्जत-खालापुरात आज जमिनीचे व्यवहार जोरात आहेत. आपल्या घरचा सातबारा काढून बघा. पत्नीचं नाव नसेल, तर सहधारक म्हणून ते लावण्यासाठी पतीने अर्ज करावा. हे काम विक्रीच्या बोलणीआधी करा.